इंचताईंचं दुसरं घर

१

इंचताईंनी आयुष्यात पुष्कळ घरं उभी केली, पण त्यांतल्या एकाही घराला चौथी भिंत नव्हती.

त्यांचं कामच तसं होतं. टीव्हीवरच्या मालिकांसाठी त्या दिवाणखाने बांधत. तीन भिंती, मध्ये सोफा, आणि ऐटीत वर जाऊन कुठेच न पोहोचणारा एक जिना. चौथ्या बाजूला कॅमेरे, दिवे, वायरींचा गुंता आणि चहाचे कप घेऊन ताटकळणारी माणसं. प्रेक्षकांना ती बाजू कधी दिसत नसे आणि इंचताईंनाही तिच्याशी काही कर्तव्य नसे.

'इंचताई' हे नाव सुतारांनी ठेवलं होतं. दार बसवून, पॉलिश करून, घाम पुसून माणूस जरा टेकला की ताई यायच्या, मान तिरकी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "इंचभर डावीकडे घ्या."

"इंचभराने काय होतंय, ताई?"

"इंचभरानेच होतं सगळं."

त्यांची एक मालिका इतकी वर्षं चालली, की पहिल्या भागात लाजत उंबरठा ओलांडणारी सून शेवटी त्याच सोफ्यावर बसून नातसुनेला टोमणे मारत होती. माणसं बदलली, नटी बदलल्या, सोफा मात्र तोच. रस्त्यात बायका ताईंना थांबवून पडद्यांचं कापड कुठे मिळेल म्हणून विचारत. मग ताई सिनेमात गेल्या. तिथे निराळीच तऱ्हा. सिनेमावाल्यांना घर हवं असायचं ते मोडायला. ताईंनी महिनोन् महिने खपून खिडकीच्या कडीपर्यंत घर सजवायचं आणि एका दुपारी ते पेटवून द्यायचं, नाहीतर त्यात ट्रक घुसवायचा. दिग्दर्शक टाळ्या वाजवायचा, आणि ताई ढिगाऱ्यातून आपला मोजायचा टेप शोधत फिरायच्या.

या सगळ्या काळात ताईंच्या स्वतःच्या घरात त्यांचे यजमान एकटे जेवत होते. ते भूगोलाचे शिक्षक. सगळं जग त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून ताईही म्हणायच्या. मास्तर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता विनोद करत. समोरचा गोंधळला, की बऱ्याच वेळाने स्वतःच हसत. पाहुण्यांना ते सांगत, "आमची ही दुसऱ्यांची घरं सजवते. आमच्याकडे पंख्यावरची धूळ आता सेवानिवृत्त व्हायला आली."

पुढे हिरव्या कापडाचा जमाना आला. भिंती नकोत, सुतार नकोत. हिरवं कापड टांगा, नट उभे करा, घर मागाहून कॉम्प्युटरवर चिकटवा. ताईंचा फोन वाजेनासा झाला. मास्तरांबरोबर दुपारी घरात बसायची त्यांना सवय नव्हती. चार दिवसांत दोघांचे बोलायचे विषय संपले. पाचव्या दिवशी ते एकमेकांशी फार सभ्यपणे वागू लागले, आणि ताईंना धडकी भरली.

तेवढ्यात दाढीवाल्याचा फोन आला.

२

दाढीवाला व्हीआर कंपनीचा, म्हणजे डोळ्यांवर यंत्र चढवून भासाचं जग दाखवणाऱ्या कंपनीचा, मालक होता, पण स्वतःला मालक म्हणवून घ्यायचा नाही. त्याच्या ऑफिसात खुर्च्या नव्हत्या, जमिनीवर मऊमऊ गोळे टाकले होते. ताई त्यांतल्या एकात बसल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या.

"मॅडम, आम्हाला घर हवंय," तो म्हणाला. "माणूस डोक्यावर हेडसेट चढवेल आणि घरात असेल. एकटी राहणारी माणसं, लांब असलेली माणसं, इस्पितळात पडलेली माणसं. त्यांना वाटलं पाहिजे, आलो घरी."

"बांधते," ताई म्हणाल्या. "आधी मला यातून बाहेर काढा."

दोघांनी हात धरून त्यांना ओढून काढलं. ओढणाऱ्यांत एक मुलगी होती, सतत बिस्किटं खाणारी, जाड चष्म्याची. तिला सगळे पिक्सेल म्हणत. ताई कागदावर जे काढतील ते कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं, हे तिचं काम.

ताईंनी जीव ओतून दिवाणखाना काढला. पिक्सेलने तो उभा केला. दाढीवाल्याने हेडसेट घातला, "व्वा" म्हणाला, आणि मग त्याने अशी गोष्ट केली जी आजवर ताईंच्या कुठल्याच प्रेक्षकाने केली नव्हती. त्याने मान वळवली.

"मॅडम, सोफ्याच्या मागे काय आहे?"

"प्रोडक्शन मॅनेजर," ताईंच्या तोंडून निघून गेलं.

"आणि जिना वर कुठे जातो?"

"वर एक स्टूल असतं. नट रागाने वर जातो आणि स्टुलावर बसून मोबाइल बघतो."

पिक्सेल बिस्किटासकट हसली. दाढीवाला हसला नाही. "पण इथे माणूस फिरणार, मॅडम. त्याला चारही बाजूंनी घर लागेल."

त्या संध्याकाळी ताई घरी आल्या आणि स्वतःच्या दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. हळूच गोल फिरल्या. मास्तर आरामखुर्चीतून बघत होते.

"चक्कर येतेय का?"

"नाही हो. हे कोपऱ्यातलं कपाट कधी आलं?"

"तुझ्या त्या लांबलचक मालिकेच्या वेळी. तूच पसंत केलंस."

"मी?"

"फोनवर," मास्तर म्हणाले.

ताई बराच वेळ त्या कपाटाकडे बघत राहिल्या. साधं, जरा वाकडं, दाराला ओरखडे पडलेलं. असं कपाट त्यांनी सेटवर ठेवलं नसतं. पण मास्तर त्याला न बघता उघडत होते, आत हात घालून न बघता हवी ती वस्तू काढत होते. ताईंच्या लक्षात आलं, की दाढीवाल्याला हवंय ते हेच.

३

ताईंनी स्वतःचंच घर द्यायचं ठरवलं, तेव्हा पिक्सेलने काठीला लावलेला एक कॅमेरा दिला. तो धरून घरभर सावकाश फिरायचं. यंत्र भिंती, वस्तू, कोपरे सगळं टिपून घेतं आणि कॉम्प्युटरमध्ये तसंच्या तसं घर तयार होतं.

"फक्त माणसं मध्ये येऊ देऊ नका," तिने बजावलं. "आणि आरसे झाका. आरशाने फार घोळ होतो."

माणूस घरात एकच होता, आणि तो खुर्चीतून उठायला तयार नव्हता.

"मी माझ्या घरात बसलोय," मास्तर म्हणाले. "तू फीर. मी डोंगर आहे असं समज."

ताईंनी डोंगराला वळसा घातला. बाथरूम त्यांनी वगळलं, कारण त्या फरशा जगाला दाखवण्यासारख्या नव्हत्या. झोपायच्या खोलीत कपाटाला उभा आरसा होता. त्यावर त्यांनी चादर टाकली होती, पण त्या आत शिरल्या तेव्हा चादर सरकून खाली पडलेली होती. नेमक्या त्याच वेळी बाहेरून मास्तरांनी विचारलं, "त्या काठीला चहा करता येतो का?" ताई कंबरेवर हात ठेवून थबकल्या, एक कडक उत्तर जुळवलं, आणि पुढे गेल्या.

दोन दिवसांनी पिक्सेलने हाक मारली. "मॅडम, आजोबा निघाले. एका क्लिकमध्ये."

"त्यांना खुर्चीतून इतक्या लवकर कोणी उठवलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"पण तुम्ही निघत नाही."

पडद्यावर आरसा होता. आरशात ताई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसरा कंबरेवर, चेहऱ्यावर भांडण. पिक्सेलने त्यांना पुसलं. आरसा क्षणभर करडा झाला आणि ताई परत आल्या.

"सकाळपासून पुसतेय. फार चिवट आहात तुम्ही."

दाढीवाला मागून डोकावला. "राहू दे. मजा येते. घरात घरची बाई नको का?"

४

हेडसेट घालून ताई पहिल्यांदा त्या घरात गेल्या आणि एकेक वस्तू तपासत फिरल्या. सगळं होतं. कपाटावरचे ओरखडे होते. पंख्यावर धूळ होती. सोफ्याच्या मागे त्या वाकून बघायला गेल्या तर मास्तरांचा केव्हाचा हरवलेला मोजा पडला होता. त्यांनी घरी फोन करून सांगितलं, मास्तरांनी सोफा ओढला, आणि मोजा निघाला. "तुझ्या धंद्याचा घराला झालेला हा पहिला उपयोग," मास्तर म्हणाले.

मग रोजचा क्रम पडला. सकाळी ऑफिसात यायचं, हेडसेट चढवायचा, खोल्यांतून फिरायचं, काय उणं आहे ते पिक्सेलला सांगायचं. जाताजाता आरशातल्या बाईलाही एखादा शब्द टाकायचा. "जरा सरळ उभी राहा गं. काय ते तोंड!" बाहेर पिक्सेल फिदीफिदी हसायची.

एका सकाळी ताई आरशासमोर आल्या, बोलायला तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं.

आरशातल्या बाईचा हात कंबरेवर नव्हता. तो खाली सोडलेला होता.

ताईंनी आधी धंद्याच्या हिशोबाने विचार केला. उजेडाची बाजू बदलली असेल. आपण रोजच्यापेक्षा डावीकडे उभे असू. त्या डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. हात खालीच. चेहऱ्यावरचं भांडणही निवळलं होतं. भांडण मिटल्यावर माणूस जसा थकून, पण बरं वाटून उभा राहतो, तशी ती उभी होती.

"पिक्सेल, हात कोणी हलवला?"

पिक्सेलने कॉम्प्युटरवर फाइल उघडली. "कुठे हललाय? कंबरेवरच आहे."

ताईंनी हेडसेट काढून पडद्यावर पाहिलं. हात कंबरेवर होता. हेडसेट घातला. हात खाली होता. पिक्सेलला घालायला लावला तेव्हा तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, खरं सांगू का? मला आता आठवतच नाही आधी कुठे होता."

त्यानंतर काही दिवसांनी आरसा रिकामा झाला. पलंग दिसत होता, पडदा दिसत होता. मध्ये कोणी नव्हतं.

दाढीवाल्याने पिक्सेलची पाठ थोपटली. "शाबास. काढलंस शेवटी."

"मला वाटलं तुम्ही काढलंत," पिक्सेल म्हणाली.

दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं आणि कामाला लागले. ताई उभ्याच होत्या. त्यांना एवढंच वाटत होतं, की काढलेली गोष्ट निराळी आणि निघून गेलेली निराळी.

५

घर आवरलं जाऊ लागलं.

आधी उशा. सोफ्यावर त्या अस्ताव्यस्त पडलेल्या होत्या, त्या एका रांगेत आल्या. मग सोफ्याच्या मागचा मोजा नाहीसा झाला. मग जेवणाचं टेबल सरकलं, फार नाही, इंचभर डावीकडे. तिथेच ते शोभत होतं. ताईंना ते पाहून पहिल्यांदा बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचीच भीती वाटली.

शेवटी पंखा. पंख्यावरची धूळ गेली होती. पाती लख्ख.

"सॉफ्टवेअर करतं आपोआप," पिक्सेलने समजावलं. "बारीक कचरा असला की ते गुळगुळीत करून टाकतं."

"आणि टेबल?"

"तेही... करत असेल."

ताईंनी ते मान्य केलं. आयुष्यभर त्यांनी पुठ्ठ्याला दगडाचा रंग देऊन लोकांना फसवलं होतं. डोळा कसा फसतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? शिवाय वय झालं होतं, चष्म्याचा नंबर बदलला होता, आणि डोक्यावर ते जड यंत्र. अशी मनाची समजूत घालत ताई त्या घराच्या बोळकांडीतून चालल्या होत्या.

बाथरूमचं दार बंद होतं. ते बंदच असायचं. आतलं टिपलं नव्हतं म्हणून पिक्सेलने नुसतं दाराचं चित्र लावलं होतं. त्यामागे काही नव्हतं, भिंतसुद्धा नव्हती.

आत पाणी पडत होतं.

बादलीत पडणारं पाणी. आधी पोकळ, मग भरत आल्यावर जाड होत जाणारा तो आवाज. आणि त्याबरोबर कोणीतरी गुणगुणत होतं. कामात गुंतलेली बाई स्वतःशी गुणगुणते तसं; सूर धड नाही, शब्द अर्धे.

ताईंनी काय करावं? सवयीने दारावर टकटक केली.

गुणगुणणं थांबलं. पाणी बंद झालं.

"आले हं!" आतून आवाज आला. "झालंच."

आवाज ताईंचाच होता. माणसाला स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कधी आवडत नाही. हा आवाज ताईंना आवडला. त्यात घाई नव्हती, सुतारावर ओरडून आलेला घोगरेपणा नव्हता. दिवसभर घरात असलेल्या बाईचा आवाज होता तो. आणि मग आतून कडी सरकल्याचा आवाज झाला.

ताईंनी हेडसेट उपटला, दोन पावलं मागे गेल्या आणि त्या मऊ गोळ्यात बसल्या. सबंध बुडाल्या. नुसते पाय वर.

"तो हेडसेट!" त्या आतून ओरडल्या. "आवाज बंद करा तिचा!"

पिक्सेल त्यांना ओढता ओढता म्हणाली, "कसला आवाज, मॅडम? आवाजाचं काम पुढच्या आठवड्यात. घर अजून मुकं आहे."

६

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ती गात होती म्हणालीस?"

"गुणगुणत होती."

"मग तू नव्हेस ती," मास्तर म्हणाले, आणि थोड्या वेळाने हसले.

ताईंना हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या कामावर गेल्याच नाहीत. स्टूल घेतलं, त्यावर चढल्या आणि पंखा पुसायला काढला. मास्तर वर्तमानपत्र खाली ठेवून उभे राहिले.

"काय झालं? डॉक्टरांनी काही सांगितलंय का तुला?"

"पंखा पुसतेय."

"तेच विचारतोय."

ताईंनी उशा झटकल्या, कपाट आवरलं, चहा केला आणि मास्तरांच्या हातात आणून दिला. मास्तरांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. तेवढ्याने ताईंना कळलं. त्यांना साखर कमी लागते की जास्त, हेच आपल्याला आता नक्की आठवत नाही. विचारायची लाज वाटली. त्यांनी नुसता कप उचलला आणि आत नेला.

मग त्या दाढीवाल्याकडे गेल्या.

"ते घर पाडा," त्या म्हणाल्या. "मी नवं देते. याच्यापेक्षा चांगलं."

"मॅडम! दोन दिवसांवर उद्घाटन आलंय. ज्यांनी ज्यांनी पाहिलं ती माणसं रडतायत आत. आनंदाने."

"निदान बाथरूमचं दार काढा."

"तिथे काय ठेवू? भोक?"

दाढीवाल्याने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही थकलात. आता घरी बसा, आराम करा. ते घर तयार झालंय. त्याला आता तुमची गरज नाही."

बिचारा चांगल्या मनाने बोलला. पण सिनेमावाल्यांनी एवढी घरं पेटवली, त्यातल्या एकाही वेळी ताईंना असं वाटलं नव्हतं.

७

उद्घाटन दुपारी होतं. मोठा हॉल, दिवे, फुलं, चकचकीत कपड्यांतली माणसं. एका बाजूला खुर्ची, खुर्चीत बसून माणूस हेडसेट घालायचा, आणि शेजारच्या टेबलावरच्या पडद्यावर त्याला जे दिसतं ते दिसायचं. तिथे पिक्सेल बसली होती. तिने आज बिस्किटं लपवून ठेवली होती.

रांगेतून एकेक माणूस जाऊन येत होता. सुटाबुटातला एक जाडजूड माणूस डोळे पुसत बाहेर आला. "काही नाही हो," तो म्हणाला, "फक्त वाटलं की कोणीतरी वाट बघत होतं." एका म्हातारीने हेडसेट परत द्यायला नकार दिला, तिच्या दोन्ही मुलांनी मिळून तिला सोडवलं. पण कोणीही बाईचं नाव काढलं नाही. कोणी पाण्याचा आवाज ऐकला नाही. ताई प्रत्येकाचा चेहरा निरखत होत्या आणि हळूहळू त्यांचे खांदे सैल पडत होते. लोक येऊन हात मिळवत होते. मालिकेतल्या त्या नातसुनेचं काम केलेली नटी येऊन पाया पडून गेली. इतक्या वर्षांत ताईंनी पहिल्यांदाच स्वतःच्या कामासमोर उभं राहून स्तुती ऐकली. डोळा फसतो, त्या मनाशी म्हणाल्या. कानही फसतो. झालं.

"आता मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही कशाला? तुम्ही रोज तिथेच तर राहता."

"म्हणूनच. मला त्या घरातून एका क्लिकमध्ये उठवलंय. मी परत बसणार."

ते ऐटीत खुर्चीत बसले. पिक्सेलने हेडसेट चढवला आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेली. ताई मागे उभ्या राहिल्या.

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "अरे वा, पंखा," ते म्हणाले. मग थोडं थांबून त्यांनी मान वळवली, कोणी हाक मारल्यावर वळवतात तशी, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हो, आत्ताच आलो," ते म्हणाले.

ताईंना वाटलं, विनोद. त्या वाट बघत राहिल्या.

"नको, उठू नकोस, मी घेतो... बरं बाई, आण." मास्तर हसले. बऱ्याच वेळाने नव्हे, लगेच. "हो, अर्धाच चमचा. तुला बरं आठवतं."

ताईंनी टेबलावरच्या पडद्याकडे पाहिलं.

जेवणाचं टेबल होतं. मागे बोळकांडी होती. तिच्या टोकाला बाथरूमचं दार सताड उघडं होतं आणि आत दिवा होता. फरशीवरून ओल्या पावलांचे ठसे निघाले होते. ते स्वयंपाकघराकडे गेले होते, आणि तिथून परत मास्तरांच्या खुर्चीकडे वळले होते. टेबलावर कप आला. कप ठेवणारा हात दिसला. मनगटावर घड्याळ होतं, आतल्या बाजूला फिरवलेलं. सुतारकामाच्या भुशापायी लागलेली ताईंची सवय. हात जरासा ओला होता, बोटं सुरकुतलेली. तो लगेच मागे गेला नाही. त्याने टेबलाची कड चाचपली, आणि अंगठ्याने सावकाश ती इंचभर मोजली.

मास्तरांची नजर वर चढू लागली. पडद्यावर कोपर आलं. दंड आला. खांदा आला. केसांची एक ओली बट आली.

ताईंनी टेबलाखाली हात घातला आणि हाताला लागेल ती वायर उपटली.

८

"अगं, बंद का केलंस?" मास्तर हेडसेटच्या आतून ओरडले. रांगेतले दोघेतिघे वळून बघू लागले. पिक्सेल पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली आणि टेबलाखाली शिरली.

ताईंनी स्वतःच्या हाताने हेडसेट वर केला. मास्तर हॉलच्या दिव्यांकडे डोळे किलकिले करून बघत राहिले. लांबच्या प्रवासात झोप लागलेला माणूस भलत्याच स्टेशनावर जागा झाल्यावर बघतो तसे.

"काय दिसलं तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"घर," मास्तर म्हणाले. "छान ठेवलंय."

"आणि कोण होतं?"

"कोण असणार? आमची ही होती."

मास्तर आता हसतील, असं धरून ताई उभ्या होत्या. बोटांत त्यांनी स्वतःच्या कपड्याचं टोक घट्ट पिळलं होतं.

"काय म्हणाली?"

"विशेष काही नाही. चहा निवेल म्हणाली. आणि मग विचारायला लागली," मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, "की तुमच्या मागे ती बाई कोण उभी आहे? मघापासून आपल्याकडे बघतेय."

टेबलाखालून पिक्सेलचा आवाज आला, "सापडली वायर! लावू का परत?"

"नको," ताई म्हणाल्या. त्या मास्तरांच्या समोर आल्या, खाली वाकल्या, त्यांच्या डोळ्यांत बघू लागल्या. "मग तुम्ही काय सांगितलंत तिला?"

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत ओळखीचा मऊपणा होता, कुठेतरी पाहिलेल्या चेहऱ्याकडे बघताना येतो तो. मग त्यांना त्या वाकलेल्या, दमलेल्या बाईची दया आली असावी. ते खुर्चीतून चटकन उठले. इतक्या लगबगीने खुर्चीतून उठताना ताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"बसा ना," मास्तर म्हणाले. "किती वेळ उभ्या आहात तुम्ही."